जेलसी आणि एन्व्ही : दोन्हीला मत्सरच?

अर्धविराम : एका कथेचा अनुवाद करतेय आणि एका शब्दावर अडलेय. बायको पाहुण्याशी हसून बोलतेय, नवरा दाराशी उभा राहून कडी उगाच लावतोय, काढतोय. त्याला वाटते ती 'जेलसी'. मी 'मत्सर' लिहिलं. मैत्रिणीने खोडलं. म्हणाली, मत्सर पाहुण्याच्या श्रीमंतीचा वाटेल, इथे ते कुठे आहे? पटलं, पण दुसरा शब्द सुचेना.

कानामात्रा : मैत्रीण बरोबर आहे. एन्व्हीला दोन माणसं पुरतात, जेलसीला तिसरं लागतं. त्याच्याकडे आहे ते मला हवं, ही एन्व्ही. माझं आहे ते कोणी नेईल ही धास्ती म्हणजे जेलसी. अशा नवऱ्याला आपण संशयी म्हणतो.

जुनी दौत : संशयात जळणं कुठे आलं? धाकटी बहीण झाली तेव्हा मी तिच्या अंगावरचं दुपटं ओढून काढायचे, असं आई सांगते. मला कसला संशय? माझी हक्काची मांडी गेली होती! आणि इंग्रजीत तरी हा भेद कोण पाळतं? सहलीचे फोटो पाहून 'सो जेलस' म्हणतात, ती एन्व्हीच की.

कानामात्रा : सगळे चुकतात म्हणून चूक बरोबर होत नाही. एन्व्हीच्या मुळाशी लॅटिन 'इन्विडिया' आहे, त्यात वाकड्या नजरेने पाहणं आहे. आपली दृष्ट लागते तसंच. अमरकोशही भेद करतो : ईर्ष्या म्हणजे अक्षान्ती, सहन न होणं, असूया म्हणजे गुणांवरही दोष लादणं.

जुनी दौत : कोशातली असूया बोलण्यात उरलीय कुठे? त्यापेक्षा ईर्षा बघा. 'ईर्षेने अभ्यास केला', 'ईर्षेला पेटला', यात जळफळाट नाही, जिद्द आहे. जेलस आणि झेलस (म्हणजे जिद्दीने झटणारा), दोन्ही ग्रीक 'झीलॉस'चीच लेकरं. इंग्रजीत जळणं आणि जिद्द वेगळी झाली, आपल्याकडे एकाच शब्दात नांदतात. मला हे फार आवडतं.

कानामात्रा : शब्द 'ईर्ष्या' आहे. य गाळू नका.

जुनी दौत : 'ईर्ष्येला पेटला' असं कोणाच्या तोंडी ऐकलंय तुम्ही? मराठीने घडवलेला शब्द मराठीचाच.

अर्धविराम : 'त्याच्या काळजात लकलकलं आणि मग आत काहीतरी जळत राहिलं' असं लिहिलं तर? धास्ती आणि जळणं दोन्ही येतात.

कानामात्रा : ते बघू. आधी य चं ठरू दे. मूळ धातूच 'ईर्ष्य्' आहे.