चालण्याच्या व्यायामासाठी फोर-बार यंत्रणा: दर वेळी वेगळे उत्तर येते, कोणते धरावे?

प्रश्न: शेवटचे_वर्ष_मेकॅनिकल (नाशिक)

नमस्कार. मी नाशिकमध्ये मेकॅनिकल अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पक्षाघातानंतर पाय उचलता न येणाऱ्या रुग्णाच्या पायाकडून चालण्याची हालचाल करवून घेणारी, एकाच मोटरवर चालणारी फोर-बार यंत्रणा (सांध्यांनी जोडलेल्या चार दुव्यांची चौकट) आम्ही चौघांनी प्रकल्पासाठी घेतली आहे. रुग्णाला वरून पट्ट्यांनी आधार द्यायचा, घोटा कप्लरवरच्या (जमिनीला न जोडलेल्या मधल्या दुव्यावरच्या) एका बिंदूला बांधायचा आणि तो बिंदू खुब्याच्या दृष्टीने घोटा जसा फिरतो तसा, म्हणजे आडव्या पडलेल्या थेंबासारख्या वक्रावरून, फिरवायचा, अशी कल्पना आहे.

आम्ही त्या वक्रावर समान कालांतराने २४ बिंदू घेतले आहेत. चार दुव्यांच्या लांब्या, कप्लर-बिंदूचे दोन निर्देशक, यंत्रणेची जागा, तिचा कल आणि क्रँकचा (मोटरने पूर्ण फिरणाऱ्या दुव्याचा) आरंभीचा कोन अशी एकूण १० अज्ञाते आहेत. वेळेचे बंधन पाळून फोर-बार अचूकपणे जास्तीत जास्त ५ बिंदूंमधूनच नेता येते, म्हणून जेनेटिक अल्गोरिदम (उत्तरांच्या पिढ्या घडवत चांगले उत्तर शोधणारी पद्धत) वापरून सरासरी चूक कमीत कमी करण्याचा मार्ग घेतला. अडचण अशी की दहा वेळा चालवला तर दहा उत्तरे येतात. त्यांपैकी दोघांत चूक सुमारे ४ मिलिमीटरच आहे, पण एकात क्रँक १६८ मिलिमीटर आणि दुसऱ्यात २३१, आणि आणखी एकात तर स्थिर टेकू (न हलणारा सांधा) नेमका रुग्णाच्या मांडीच्या मधोमध येतो. आमचे मार्गदर्शक म्हणतात की जेनेटिक जुना झाला, काहीतरी नवे वापरा. पार्टिकल स्वार्म (१९९५), डिफरन्शियल इव्होल्यूशन (१९९७), सुरतेच्या प्रा. आर. व्ही. राव यांचे टीएलबीओ (टीचिंग-लर्निंग बेस्ड ऑप्टिमायझेशन, २०११) आणि जया (२०१६) यांपैकी या कामाला कोणता अल्गोरिदम योग्य ठरेल?

उत्तर: रेघ_आणि_कोन

आधी ते दोन ४ मिलिमीटरवाले वक्र एकाच कागदावर काढून पाहा. ते एकमेकांवर तंतोतंत बसत असतील तर अल्गोरिदम चुकलेला नाही. रॉबर्ट्स आणि चेबिशेव्ह यांच्या प्रमेयानुसार एकच कप्लर-वक्र तीन वेगवेगळ्या फोर-बार यंत्रणा काढू शकतात, आणि तुमचा प्रोग्राम कधी एकावर, कधी दुसरीवर जाऊन थांबत असेल. क्रँक-रॉकरच्या (एक दुवा पूर्ण फिरतो आणि समोरचा, म्हणजे रॉकर, नुसता झुलतो अशा यंत्रणेच्या) बाबतीत या तिघींपैकी दोघी क्रँक-रॉकर असतात आणि तिसरी दोन्ही बाजूंनी नुसती झुलणारी असते, त्यामुळे मोटर लावण्याजोग्या दोनच उरतात. त्या दोघींमध्ये क्रँकचा वेगही सारखाच राहतो, म्हणजे तुमचे वेळेचे गणित बिघडत नाही. टेकू मांडीत येणारे उत्तर टाकून देण्यापूर्वी त्याची ही जोडीदार यंत्रणा काढून पाहा, कारण तिचा दुसरा टेकू भलत्याच ठिकाणी, कदाचित सोयीच्या ठिकाणी, असतो.

वक्र जुळत नसतील तर ते वेगवेगळे स्थानिक किमान (आसपासच्यांपेक्षा चांगली, पण सर्वोत्तम असतीलच असे नाही अशी उत्तरे) आहेत, आणि या प्रश्नात ते भरपूर असतात. तुमच्या प्रोग्राममध्ये एक गोष्ट मात्र मी पैजेवर सांगतो. ज्या लांब्यांनी यंत्रणा जुळतच नाही, म्हणजे वर्गमुळाखाली ऋण संख्या येते, तिथे तुम्ही चूक म्हणून १० लाखांसारखा एखादा ठोकळ आकडा दिला असणार. असे केल्याने शोधाच्या प्रदेशात एक सपाट पठार तयार होते, आणि त्यावर उभ्या असलेल्या उमेदवाराला उतार कोणत्या दिशेला आहे हे कळायला काही मार्गच उरत नाही. त्याऐवजी बंधन किती मोडले त्या प्रमाणात दंड लावा, किंवा कल्याणमय देब यांनी २००० मध्ये मांडलेला साधा नियम वापरा: बंधने पाळणारा उमेदवार न पाळणाऱ्यापेक्षा नेहमी वरचढ, आणि दोघेही मोडत असतील तर कमी मोडणारा वरचढ. ग्राशॉफची अट (क्रँक पूर्ण फिरू शकेल अशा लांब्या), ट्रान्समिशन कोन (कप्लर आणि रॉकर यांच्यातला) ४० अंशांच्या खाली न जाणे आणि टेकूंना ठरावीक चौकटीतच जागा असणे, ही तिन्ही बंधने आधीच घातली तर मांडीतला टेकू मुळात येणारच नाही.

अल्गोरिदमच्या नावाबद्दल म्हणाल, तर मी डिफरन्शियल इव्होल्यूशन घेईन, तेही ते चांगले म्हणून नव्हे तर माझ्या हाताला बसलेले म्हणून. जयामध्ये लोकसंख्या आणि पिढ्या यांपलीकडे काही जुळवावे लागत नाही, ही त्याची सोय खरी आहे. सर्व प्रश्नांवर सरस ठरणारा अल्गोरिदम असू शकत नाही, हे वोल्पर्ट आणि मॅकरेडी यांनी १९९७ मध्येच सिद्ध केले आहे. कोणताही घ्या, ३० वेळा चालवून मध्यक द्या आणि शेवटी लीस्ट स्क्वेअर्सने (चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी करून) घासून घ्या.

उत्तर: फिजिओ_नाशिकरोड

मला गणितातले फारसे कळत नाही, पण रोज असे पाय हातात घेते म्हणून लिहिते. तुम्ही २४ बिंदू कोणाच्या चालण्याचे घेतले आहेत? निरोगी तरुणाच्या नेहमीच्या चालीत पाऊल चक्राच्या सुमारे ६० टक्के वेळ जमिनीवर आणि ४० टक्के हवेत असते आणि हवेतल्या टप्प्यात गुडघा सुमारे ६० अंश वाकतो. माणूस सावकाश चालू लागला की जमिनीवरचा वाटा वाढतो आणि गुडघ्याचे वाकणेही कमी होते. आमचे रुग्ण सावकाशच चालणार आहेत. शिवाय पक्षाघातानंतरचा स्नायूंचा ताठरपणा वेगावर अवलंबून असतो: स्नायू जितक्या झटक्यात ताणाल तितका तो जास्त विरोध करतो. त्यामुळे घोटा योग्य वाटेने जातो एवढे पुरेसे नाही, वाटेत तो कुठे एकदम धावत तर नाही ना, हेही पाहायला हवे.

दुसरी गोष्ट मला जास्त भीतीची वाटते. टाच टेकण्याच्या वेळी पाय जवळजवळ सरळ असतो. त्या क्षणी यंत्राने घोटा थोडा जरी जास्त पुढे ओढला, तरी पुढे जायला गुडघ्यात वाव उरलेला नसतो, आणि मग ताण सांध्याच्या मागच्या बाजूला किंवा खुब्यावर येतो. रुग्णाला त्या पायात संवेदना कमी असली तर तो ओरडणारही नाही. तुमच्या ४ मिलिमीटरमध्ये हा भाग कसा मोजला आहे?

प्रश्नकर्ता: शेवटचे_वर्ष_मेकॅनिकल

मॅडम, आपल्या प्रश्नाने आमचा रविवार गेला, पण त्याचे सार्थक झाले. उंची १६५ सेंटिमीटर धरली तर मांडी आणि नडगी प्रत्येकी सुमारे ४०५ मिलिमीटर येते, म्हणजे पूर्ण सरळ पायात खुब्यापासून घोट्यापर्यंतचे अंतर ८१० मिलिमीटर होते. गुडघा ६० अंशांवर असताना या अंतरात ४ मिलिमीटरची चूक झाली तर गुडघ्याचा कोन जेमतेम १ अंशाने बदलतो. गुडघा १० अंशांवर असताना मात्र सरळ होईपर्यंत फक्त ३ मिलिमीटर शिल्लक असतात, आणि ५ अंशांवर तर जेमतेम पाऊण मिलिमीटर. आमच्या ‘सर्वोत्तम’ उत्तरात टाच टेकण्याच्या आसपासचे तीन बिंदू ८१० मिलिमीटरच्या पलीकडे गेले होते, म्हणजे तो पाय अस्तित्वातच असू शकत नाही, आणि आमचा प्रोग्राम त्यालाच पहिला क्रमांक देत होता.

आता चूक घोट्याच्या जागेत न मोजता गुडघा आणि खुबा यांच्या कोनांत मोजली आहे, आणि घोटा ८०५ मिलिमीटरच्या पुढे न जाणे हे बंधन म्हणून घातले आहे. रेघ_आणि_कोन यांचा पठाराविषयीचा अंदाजही खरा निघाला, आकडा नेमका १० लाखच होता. जागेतली सरासरी चूक ४ वरून ६ मिलिमीटरवर गेली, पण गुडघ्यातली सर्वांत मोठी चूक ४ अंशांच्या आत आली. सावकाश चालीचे बिंदू घेण्याचे काम अजून बाकी आहे. मोटर म्हणून गाडीच्या वायपरची १२ व्होल्टची मोटर घ्यायचा विचार आहे.

उत्तर: अंबड_शॉपफ्लोअर

वायपर मोटर घेऊ नका, किंवा घेतलीत तर मध्ये क्लच तरी टाका. तिच्यात वर्म गिअर असतो आणि तो उलट्या बाजूने फिरत नाही. रुग्णाच्या पायाला अचानक आकडी आली तर मोटर मागे सरकणार नाही, पायालाच सरकावे लागेल.

दुव्यांच्या लांब्या तुम्ही तीन दशांश स्थळांपर्यंत देणार असाल, तर त्या पूर्ण मिलिमीटरमध्ये आणून प्रोग्राम पुन्हा चालवा. लेझरने कापलेल्या भोकात थेट पिन घातली की महिनाभरात ती खुळखुळू लागते, म्हणून भोक रीम करून (नेमक्या मापाला गुळगुळीत करून) पितळी बुश बसवा किंवा सरळ बेअरिंग टाका. तरीही चारही सांध्यांत थोडा प्ले (ढिलेपणा) राहणारच, आणि तो कप्लरच्या टोकाला वाढून दिसतो. प्रत्येक लांबीत अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे करून हजार वेळा गणित करा आणि त्यात किती वेळा घोटा ८०५ च्या पुढे जातो ते मोजा. तो आकडा शून्य येईपर्यंत ८०५ चे ८०० करायला लाजू नका.

उंचीप्रमाणे जुळवून घेण्यासाठी फक्त क्रँकला खाच ठेवून भागत नाही. क्रँक एकटी बदलली की वक्राचा आकारच बदलतो, त्यामुळे सगळ्या दुव्यांना प्रमाणात भोके पाडावी लागतील. दुव्यांच्या कात्रीत बोट सापडू नये म्हणून बाजूने पत्रा लावा, आणि रुग्णावर लावण्यापूर्वी एथिक्स कमिटीची परवानगी लागते हे मार्गदर्शकांना आत्ताच सांगून ठेवा, कारण तिला वेळ लागतो. तोपर्यंत ४०५-४०५ चा लाकडी पाय करून गुडघ्याला दाराची बिजागरी लावा आणि मागच्या बाजूला एक पातळ दोरा ताणून बांधा. यंत्र तासभर चालवल्यावर दोरा तुटलेला असेल तर कुठे तुटला हे शोधायला व्हिडिओ सुरू ठेवा.