मोटरसायकलला कारचा टायर: हवा किती ठेवायची आणि झीज कुठे बघायची?

लांबपल्ला (धागाकर्ता)

माझ्या होंडा गोल्डविंगच्या (जीएल १८००, लांबच्या प्रवासाची जड मोटरसायकल) मागच्या चाकाला गेले ३१ हजार किलोमीटर कारचा टायर आहे. १९५/५५ आर १६ (रुंदी १९५ मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या ५५ टक्के, रिम १६ इंची), रनफ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी थोडं अंतर चालणारा. माझ्या गाडीसोबत आला तो १८०/६० आर १६. व्यास काढला तर एकाचा ६२१ मिलिमीटर, दुसऱ्याचा ६२२. त्यामुळे गाडीची उंची, स्पीडोमीटर, काहीच बदलत नाही. मोटरसायकलचा टायर मला १५-१६ हजारांवर टिकला नाही कधी. माझं चालवणं बहुतेक हायवेचं, सरळ, डबलसीट आणि सामानासकट. टायर मधोमध घासून चपटा होतो आणि दोन्ही कडा कोऱ्याच्या कोऱ्या टाकून द्याव्या लागतात. ते बघून दरवेळी जीव तुटायचा.

धागा काढायचं कारण हवा. गाडीवरच्या स्टिकरवर मागच्या चाकाला ४१ पीएसआय लिहिलंय म्हणून पहिले ९ हजार मी ४१ ठेवली. टायर नवा असताना नक्षी ८ मिलिमीटर खोल होती. ९ हजारांनंतर मोजली तर मध्ये ६.२ आणि कडांना ७.२. कारच्या टायरवरही मधोमध झीज! मग खडूने टायरवर आडवी रेघ मारली आणि सपाट रस्त्यावर थोडं सरळ चालवून पाहिलं. रेघ फक्त मधली तीन-चार बोटं पुसली गेली होती. म्हणजे टायर फुगून मधल्या पट्ट्यावरच उभा होता. हवा कमी करत करत ३४ वर आलो, तेव्हा रेघ जवळजवळ पूर्ण पुसली गेली. पुढच्या २२ हजारांत मध्ये १.८ आणि कडांना १.९ गेली, म्हणजे सारखी. आज मध्ये ४.४ आणि कडांना ५.३ आहे.

मधे हजारभर किलोमीटर २८ वरही चालवून पाहिली. तासभर हायवेला पळवून लगेच गेज लावला की थंड आणि गरम हवा अशी दिसते: ४१ ची ४४, ३४ ची साडेसदतीस, २८ ची ३३. गरम झाल्यावर दहा टक्के वाढ योग्य, हा जुना ठोकताळा धरला तर ३४ बरोबर बसते.

माझं म्हणणं एवढंच की स्टिकरवरचा आकडा त्या गोल टायरसाठी आहे. कारचा टायर लावला की तो आकडा विसरा, झीज आणि तापमान बघून स्वतःचा आकडा शोधा. इतरांनी काय ठेवली आहे?

पान्हा१३

हवेवर बोलायच्या आधी बीडवर, म्हणजे टायरची तार असलेली कड रिमवर बसते तिच्यावर, बोलू या. मी टायर काढायचं-घालायचं काम करतो आणि हे कॉम्बिनेशन दोनदा हाताखालून गेलंय. कारच्या रिमचा आणि मोटरसायकलच्या रिमचा बीड बसायचा खाचा सारखा नसतो. रिमची कड कारला जास्त उंच असते, मोटरसायकलला बुटकी. कारच्या टायरचा बीड त्या उंच कडेला टेकायचं म्हणून घडवलेला असतो. त्यात गोल्डविंगची मागची रिम ५ इंच रुंद, आणि १९५/५५ आर १६ ला मान्य रुंदी साडेपाच ते सात इंच. तुमचा टायर दोन्ही बाजूंनी आत ओढला गेलाय. मधला भाग फुगून वर येतो तो त्यामुळेच. ४१ ला मधोमध घासला, त्यात निम्मा दोष हवेचा आणि निम्मा रिमचा.

आणि बीड बसवताना काय झालं ते सांगाल का? कारच्या बहुतेक टायरवर स्पष्ट इशारा असतो की बीड बसवायला ४० पीएसआयच्या वर जाऊ नका. माझ्याकडे आलेल्या दोन्ही वेळी ४० ला एक बाजू बसलीच नाही. मी हात वर केले. जिथे ६०-७० मारून बसवतात तिथे बीडची तार तुटली, तर समोर वाकलेल्या माणसाचं काय होतं ते मला बघायचं नाही.

लांबपल्ला

खोटं कशाला बोलू, ४० ला बसला नव्हता. साबणाचं पाणी लावून दोनदा हवा सोडून परत भरली, मग बसला. गेजवर किती गेली ते भरणाऱ्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तुमचं हे म्हणणं मान्य आहे.

पण बसल्यानंतर ३१ हजारांत एकदाही हवा उतरली नाही. रुंदीचा मुद्दाही मान्य, म्हणूनच तर हवा कमी केली.

सरळरेघ

माझ्याकडेही गोल्डविंग आहे, दुसरा टायर चालू आहे. मी ३२ ठेवतो. लोक उगाच घाबरतात. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन झेलतो त्याचा क्रमांक, बघा ना. गाडीच्या मूळ टायरचा ७४, म्हणजे ३७५ किलो. कारच्या या टायरचा ८७, म्हणजे ५४५ किलो. डबलसीट आणि डिक्क्या भरून मागच्या चाकावर साडेतीनशेच्या आसपास येत असतील. मूळ टायर आपल्या मर्यादेच्या काठावर चालतो, कारचा आरामात. जो टायर काठावर चालतो तो जास्त तापतो आणि लवकर संपतो. यात सुरक्षित कोण?

ब्रेक मारतानाही मागचं चाक कमी घसरतं. रस्त्याला टेकलेला पट्टा मोठा आहे, हे खडूची रेघच सांगते.

वळणवाट

सरळरेघ, तुमच्या नावातच तुमची अडचण आहे. तो सगळा हिशोब उभ्या चाकाचा आहे. ५४५ किलोचा तक्ता करताना चाक जवळजवळ उभं धरलेलं असतं. कारचं चाक वळणावरही दोन-तीन अंशांपेक्षा फारसं कलत नाही. मोटरसायकल साध्या घाटवळणावर तीस अंश कलते. तेव्हा तो रुंद पट्टा उचलला जातो आणि वजन एका खांद्यावर (नक्षीच्या कडेवर) आणि त्याच्या बाजूच्या साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या उभ्या भिंतीवर येतं. त्या स्थितीत तो टायर किती किलो झेलतो, हे कुठल्याच तक्त्यात नाही, कारण तसा वापर कोणी गृहीतच धरलेला नाही.

गोल टायर कलला की शंकूसारखा लोळतो. टेबलावर पेला आडवा लोळवला की तो आपोआप गोल फिरतो, तसं. मोटरसायकल वळते त्यात या लोळण्याचा वाटा मोठा. चौकोनी टायर तसा लोळत नाही, तो उभा राहायला बघतो. म्हणून तुम्हाला वळणभर हँडल दाबून धरावं लागतं. लागतं की नाही? रस्त्याला आडवा उतार असेल किंवा चाकोरी पडलेली असेल, तर गाडी तिकडे ओढते. ओढते की नाही?

हे सगळं सवयीने जमतं, मला माहीत आहे. पण ऐनवेळी, वळणात मधेच काहीतरी आडवं आलं आणि आणखी कलवायची वेळ आली, तर हात सवयीपेक्षा जास्त काही मागतो. त्या क्षणाला टायर १६ हजार टिकला की ६०, याला काडीची किंमत नाही.

सरळरेघ

हँडल दाबावं लागतं, हो. पहिले तीन-चारशे किलोमीटर विचित्र वाटलं, नंतर कळतही नाही. पण तुमचा गोल टायर शेवटच्या पाच हजारांत काय असतो? मधोमध चपटा, दोन बाजूंना उंचवटे. तेव्हा तोही लोळत नाही, कलताना धपकन पडतो. त्या अवस्थेत सगळे चालवतात आणि त्याला कोणी धोकादायक म्हणत नाही. माझा टायर पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत एकसारखा वागतो.

वळणवाट

हा मुद्दा मात्र खरा आहे. चपटा झालेला टायर वेळेवर न बदलणं हीसुद्धा चूकच. पण त्यावर उपाय टायर बदलणं हा आहे, मुळातूनच चपटा टायर लावणं नव्हे.

तिसरंचाक

साइडकारवाला बोलतोय. आमच्याकडे मागे कारचा टायर लावणं अगदी नेहमीचं आहे, कारण आमची गाडी कलतच नाही. वळणावर टायर बाजूला घासत जातो, गोल टायर तर बघता बघता संपतो. तीन चाकांच्या कॅन-ॲम स्पायडरला तर कंपनीच कारसारखे चपटे टायर देते आणि मागे २८ पीएसआय सांगते. म्हणजे हलक्या गाडीला अशा टायरमध्ये हवा कमी लागते, ही लांबपल्ला यांची दिशा बरोबर आहे. पण तिथेही अट तीच, गाडी उभी राहणारी हवी. दोन चाकांवर मी स्वतः लावणार नाही.

मापटं

लांबपल्ला, तुम्ही गरम-थंड दोन्ही आकडे दिलेत ते फार बरं केलंत, नाहीतर अशा चर्चेत सगळे ‘मस्त चालतंय’ एवढंच लिहितात. पण दहा टक्के हा ठोकताळा तुम्हाला खरी गोष्ट दाखवत नाही. गेज वातावरणाचा दाब धरत नाही, त्यामुळे त्यात १४.७ मिळवून मग तापमान काढायचं. थंड हवा २० अंशाला मोजली असं धरलं तर आतली हवा तापली ती अशी: ४१ ला सुमारे ३६ अंश, ३४ ला ४१, आणि २८ ला थेट ५४.

४१ वरून ३४ वर येताना पाच अंश वाढले. तिथून फक्त सहा पीएसआय आणखी काढले तर तेरा अंश वाढले. म्हणजे ३४ च्या खाली साइडवॉल जास्त दुमडायला लागली आहे. ही आतल्या हवेची गोष्ट, खांद्याचं रबर याहून गरम असणार. सरळरेघ ३२ ठेवतात, ते या चढाच्या तोंडाशी आहेत. एकदा मोजून बघावं ही विनंती.

दुसरं, पावसाचं. साचलेल्या पाण्यावर टायर कोणत्या वेगाला तरंगतो याचं एक सूत्र नासाने १९६३ मध्ये विमानांच्या चाकांवरच्या अभ्यासातून मांडलं. त्यात वेग हवेच्या वर्गमुळावर ठरतो. किलोमीटरमध्ये मांडलं तर वर्गमुळाला साधारण १६.७ ने गुणायचं. ४१ ला ताशी १०७, ३४ ला ९७, २८ ला ८८. मोटरसायकलच्या टायरला हे जसंच्या तसं लागू नाही, कारण गोल टायर होडीच्या तळासारखा पाणी कापतो. चपट्या टायरला मात्र बरंच लागू आहे. तुम्ही हवा सात पीएसआयने कमी केलीत तेव्हा झीज सारखी झाली, आणि पावसातले दहा किलोमीटर हातचे गेले.

लांबपल्ला

मापटं, हे गणित मी केलं नव्हतं. पावसाचं वाचून थोडा वेळ गप्प बसलो. मी पावसात ९० च्या वर जात नाही म्हणून अनुभव आला नसेल.

वळणवाट यांच्या प्रश्नांचं उत्तर: हो, हँडल दाबावं लागतं आणि हो, गाडी ओढते. हवा ३४ केल्यावर दाबावं थोडं कमी लागतं, कारण साइडवॉल जरा वाकून पट्टा खाली टेकू देते.

आज तुमचं सगळं वाचून टायर परत नीट बघितला. नक्षी मोजताना मी नेहमी खाचेत गेज घालतो, खांद्यावरून हात कधी फिरवला नव्हता. डाव्या खांद्यावर बोटं बाहेरून आत नेली तर गुळगुळीत लागतं, आतून बाहेर आणली तर कानशीसारखी टोचतात. नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्याची एक धार झिजलेली, दुसरी उभी. उजवीकडेही आहे, पण कमी. खोली दोन्हीकडे ५.३ च दाखवते.

वळणवाट

ती कानस म्हणजेच मी सांगत होतो ते. वळणावर टायर लोळत नाहीये, तिरका ओढला जातोय. सरळ रस्त्यावरच्या २२ हजारांत खोली सारखी दिसणारच. थोडीशी वळणं झाली तेवढ्यात खांद्याने ही खूण उमटवली. म्हणून म्हणतो, खाचेतल्या आकड्यावर समाधान मानू नका.

सरळरेघ

अशी धार कारच्या टायरवर कारमध्येही येते, अलाइनमेंट जरा बिघडली तरी. त्यावरून टायर धोक्याचा ठरत नाही. मी माझा टायर ठेवणार. पण हवा ३६ करून गरम-थंड मोजतो आणि आकडे इथे टाकतो, मापटं यांचं म्हणणं पटलं.

पान्हा१३

३६ चांगली, आणि माझ्या कारणाने चांगली. बीडला रिमवर दाबून धरणारी मुख्य गोष्ट म्हणजे आतली हवा. खाचा नीट जुळत नसताना हवा कमी करायची आणि वर गाडी कलवायची, म्हणजे वळणात साइडवॉल बीडला आत ढकलते आणि त्याला अडवणारा जोर आपणच कमी केलेला असतो. झीज सारखी व्हायला हवा कमी लागते, बीडला आणि पावसाला जास्त लागते. या टायरला सगळ्यांना पुरेल असा एक आकडा नाही, कारण असा आकडा काढायला कोणी बसलंच नव्हतं. मोटरसायकलच्या टायरला तो स्टिकरवर आहे.

आणि पुढच्या चाकाला हा प्रयोग कुणी वाचून करू नये, कृपया.

लांबपल्ला

पुढे मोटरसायकलचाच आहे आणि राहील.

मी ३७ करतोय. मधोमध थोडा जास्त घासला तर घासू दे. पावसाळा यायच्या आत मागचं चाक काढून टायर उतरवून घेणार आहे, कारण बीड बसवताना किती हवा मारली गेली ते मला माहीत नाही, आणि ते आता मनातून जात नाहीये. पान्हा१३, उतरवल्यावर नेमकं काय बघू?

पान्हा१३

बीडच्या बाहेरच्या अंगाला, रिमला टेकतो तिथे, घासल्याची चकचकीत पट्टी सगळीकडे सारख्या रुंदीची आहे का ते बघा. कुठे बारीक, कुठे जाड असेल तर तो रिमवर सरकतोय. मग बोटाने दाबत पूर्ण फेरी मारा. आतली तार कुठे उंचवट्यासारखी किंवा वाकलेली लागली तर टायर परत चढवायचा नाही, नक्षी कितीही उरलेली असो. साइडवॉलच्या आतून रबराचा काळा भुगा निघतो का तेही बघा, तो कमी हवेवर चालल्याचा पुरावा असतो, तुमच्या २८ च्या हजार किलोमीटरचा तिथे दिसेल. व्हॉल्व्ह नवा टाका. आणि परत चढवताना ४० ला बसला नाही, तर भरणाऱ्याला तिथेच थांबवा.