प्रति: साल्झबर्गची नाणी

बिशपांची सोन्याची नाणी म्हणजे निव्वळ मिरवायची पदकं, असं या चर्चेत कुणीतरी लिहिलंय. आजच्या ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गपुरतं तरी हे पटत नाही. तिथला आर्चबिशप (म्हणजे मुख्य बिशप) १८०३ पर्यंत चक्क राज्यकर्ता होता. गास्टाइन-राउरिसच्या डोंगरांतल्या सोन्याच्या खाणी त्याच्या राज्यात, टांकसाळही त्याचीच. त्याचा डुकाट, म्हणजे सोन्याचं नाणं, साधारण साडेतीन ग्रॅमचा, जवळजवळ शुद्ध सोन्याचा आणि व्यवहारात चालणारा. हां, अनेक डुकाटांची जड नाणी आणि 'क्लिप' म्हणतात ती चौकोनी नाणी मात्र बहुतेक नजराण्यासाठीच, तेवढं मान्य.

मला सगळ्यात गंमत वाटते ती तिथल्या आर्चबिशप लेओनहार्ड फॉन कॉयचाखची (कारकीर्द १४९५-१५१९). या गृहस्थाच्या कुलचिन्हात सलगम! आणि ते नाण्यावरही दिमाखात.

संग्रहाला सुरुवात करायची तर आर्चबिशप कोलोरेडोचे डुकाट बघा (राज्य १७७२-१८०३). संगीतकार मोझार्टचं ज्याच्याशी फाटलं, तोच हा. घेताना कड भिंगाखाली फिरवून पाहाच. पुष्कळ डुकाट कधीकाळी दागिन्यात गेलेले असतात. कडी काढून जागा घासलेली असली की संग्राहकांच्या लेखी किंमत दणकून पडते, आणि विक्रेता ते आपणहून सांगेलच असं नाही. वजनकाटा तर हवाच.