मदत हवी आहे : तरुण संघाची सूत्रं पोरांच्या हाती कशी द्यायची?

जय ख्रिस्त मंडळी! कोल्हापुरात आमच्या चर्चचा तरुण संघ बघतो. पोरं अकरावी-बारावीची, कामाला वाघ. पण ‘तुम्हीच ठरवा’ म्हटलं की माना खाली. नाताळात कॅरोलच्या (नाताळगीतांच्या) हिशेबाची वही पुढं केली, ती हातोहात फिरून माझ्याकडंच परत! बायबलातल्या योहान 13 मधलं येशूनं शिष्यांचे पाय धुणं सगळ्यांना पाठ. पुढारीपण मात्र त्यांना माईकपुरतंच वाटतं.

2019 सारखा महापूर आलाच तर तयारी असावी म्हणून पंचगंगेकाठच्या वस्तीसाठी मदतपथक त्यांच्याकडंच सोपवायचंय. जबाबदारी फिरती ठेवावी की वर्षभर एकाकडं? ख्रिस्ती नसलेले मित्रही येणार, मग प्रार्थना कशी ठेवता? वडीलमंडळी मधे पडतात, ते वेगळंच. स्वतः केलेल्यांनीच सांगा. शिबिरांची पत्रकं नकोत, कपाट भरलंय.