१४ इंची प्रीमियम लॅपटॉप : प्रोसेसर तोच, मग पातळ घ्यावा की जाड?

कोरा_कागद (प्रश्न)

लॅपटॉप निदान ५ वर्षं वापरायचा आहे. काम म्हणजे दिवसभर एडिटर, ब्राउझर आणि २-३ डॉकर कंटेनर (प्रोग्रॅम वेगवेगळे चालवायच्या बंदिस्त पेट्या), आठवड्यातून एकदा दीड-दोनशे रॉ (कॅमेऱ्यातल्या कच्च्या) फोटोंचं एडिटिंग, आणि मराठी मजकुराचं भरपूर वाचन-लेखन. दोन पर्यायांवर अडलो आहे. दोन्हींत प्रोसेसर अगदी एकच.

अ : १.१५ किलो, जाडी १३ मिमी, २८८०×१८०० ओलेड, ५५ वॉट-अवर बॅटरी, ३२ जीबी सोल्डर केलेली (बोर्डाला कायमची जोडलेली) रॅम, दोन टाइप-सी (दोन्ही डावीकडे), एक पंखा, की-ट्रॅव्हल (की दाबल्यावर खाली जाते ते अंतर) १ मिमी.

ब : १.४५ किलो, जाडी १७.५ मिमी, १९२०×१२०० आयपीएस, ७५ वॉट-अवर, ३२ जीबी एलपीकॅम२ (काढून बदलता येणारी) रॅम, दोन्ही बाजूंना टाइप-सी, शिवाय एचडीएमआय आणि टाइप-ए, दोन पंखे, की-ट्रॅव्हल १.५ मिमी.

प्रोसेसर तोच म्हणजे वेगही तोच मिळेल ना? ओलेडमुळे बॅटरीवर किती फरक पडतो? आणि सोल्डर केलेल्या रॅमवर सगळे एवढे का चिडतात?

वॉटमीटर

वेग तोच मिळणार नाही. त्या बॉडीतून किती वॉट उष्णता सतत बाहेर काढता येते, त्यावर लॅपटॉपचा वेग ठरतो. उत्पादक प्रोसेसरला दोन मर्यादा घालून देतो : पीएल२ ही थोड्या वेळाची झेप, पीएल१ हा सतत पेलायचा भार. एक पंखा आणि १३ मिमी जाडी असली की पीएल१ बहुधा १५ ते २० वॉटच्या आसपास ठेवतात. दोन पंख्यांच्या जाड बॉडीत तो २८ वॉट किंवा त्याहून वर जातो. पहिलं अर्धं मिनिट दोन्ही सारखेच पळतात, म्हणून छोट्या बेंचमार्कमध्ये फरक दिसतच नाही.

पण वॉट दुप्पट म्हणजे वेग दुप्पट, असंही नाही. क्लॉक (प्रोसेसरची गती) वाढवायला व्होल्टेज वाढवावं लागतं आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत चढतो. त्यामुळे १७ वरून ३० वॉटवर गेलात तर सगळे कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) गुंतलेल्या कामात ढोबळमानानं २५ ते ४० टक्के वेग जास्त. एडिटरमध्ये टाइप करताना काहीच फरक नाही. अर्ध्या मिनिटात संपणाऱ्या बिल्डलाही (कोडपासून प्रोग्रॅम तयार करण्यालाही) नाही. तुमच्या रॉ फोटोंच्या एक्स्पोर्टला मात्र नक्की, कारण तिथे कोअर आणि ग्राफिक्स एकाच वॉटच्या कोट्यातून वीज ओढतात.

आवाजाचाही विचार करा. छोट्या पंख्याला तेवढीच हवा ढकलायला जास्त फेरे घ्यावे लागतात, आणि फेरे दुप्पट झाले की आवाज साधारण १५ डेसिबलनं वाढतो. एका पंख्याचा लॅपटॉप शांत असेल, तर त्याचा पीएल१ खाली ओढलेला असण्याची शक्यता जास्त. शांतता किंवा वेग, यांतली एकच गोष्ट मिळते.

वजनाबद्दल : ३०० ग्रॅमच्या फरकातले ८०-१०० ग्रॅम तर नुसत्या २० वॉट-अवर जादा बॅटरीचे आहेत. ते वजन मी आनंदानं उचलेन.

पिक्सेलपंत

ओलेडचा हिशेब सरळ आहे : जो पिक्सेल उजळतो तोच वीज खातो. काळ्या थीमचा एडिटर त्याला स्वस्त पडतो, पांढरं पान महाग. आयपीएसमध्ये बॅकलाइट सगळ्या पडद्यामागे जळतच असतो, पान कसंही असो.

समजा नेहमीच्या ब्राइटनेसला आयपीएस २.५ वॉट घेते आणि बाकी यंत्र हलक्या कामात ३.५ वॉट. 'ब' : ७५ भागिले ६, म्हणजे १२ तासांवर. 'अ'वर पूर्ण पांढरं पान असेल तर ओलेड ६ वॉटपर्यंत सहज जाते : ५५ भागिले ९.५, पावणेसहा-सहा तास. तोच 'अ' काळ्या थीमवर २ वॉटमध्ये भागवतो आणि १० तास गाठतो. म्हणजे बॅटरी तुमच्या स्क्रीनवर काय दिसतंय त्यावर ठरते, आणि तुम्ही वाचन-लेखन भरपूर म्हणताय. तीन-चार वर्षांनी बॅटरीची क्षमता ८० टक्क्यांवर आली की हे आकडे त्याच प्रमाणात घटवा.

आता 'अ'च्या बाजूनं एक गोष्ट, जी इंग्रजी परीक्षणांत कधीच येत नाही. १४ इंचांवर १९२०×१२०० म्हणजे इंचाला १६२ पिक्सेल, २८८०×१८०० म्हणजे २४३. रोमन लिपीला १६२ पुरतात. देवनागरीत मात्र शिरोरेघेच्या वर रफार, मात्रा आणि अनुस्वार एकमेकांना चिकटून येतात. 'सर्वांत', 'वर्षं' असे शब्द लहान अक्षरात वाचून बघा. १६२ वर अनुस्वाराचा ठिपका रफारात मिसळतो, २४३ वर दोन्ही सुटे दिसतात. दिवसाला सहा तास मराठी वाचणाऱ्याच्या डोळ्यांना हा फरक जाणवतो.

कोरा_कागद

हे डोक्यातच आलं नव्हतं. ओलेडच्या लुकलुकण्याबद्दल वाचलंय, ते घरी तपासता येतं का?

पिक्सेलपंत

येतं. बऱ्याच ओलेड स्क्रीन प्रकाश कमी करायला पिक्सेल वेगानं चालू-बंद करतात, म्हणजे पीडब्ल्यूएम. वारंवारता २४० हर्ट्झच्या आसपास असेल तर काहींचं डोकं दुखतं; काही हजार हर्ट्झ असेल तर सहसा त्रास होत नाही. ब्राइटनेस ३० टक्क्यांवर आणा, पांढरं पान उघडा, फोनच्या कॅमेऱ्यात शटर १/२००० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवून फोटो काढा. मोजके, रुंद, गडद पट्टे दिसले तर वारंवारता कमी. बारीक आणि पुष्कळ दिसले तर जास्त. शंभर टक्के ब्राइटनेसवर तपासू नका, तिथे बहुतेक स्क्रीन सभ्य वागतात.

सोल्डरगन

रॅमबद्दल. सोल्डर करण्यामागे फक्त लोभ असतो असं नाही. एलपीडीडीआर५एक्स ही रॅम साध्या डीडीआर५पेक्षा कमी विजेवर चालते आणि सेकंदाला ७५००-८५०० मेगाट्रान्स्फरपर्यंत (डेटा ने-आण करण्याचा वेग) जाते. एवढ्या वेगाचा सिग्नल लांब तारा आणि सॉकेट सहन करत नाही. नेहमीची सोडिम (सॉकेटमध्ये खोचायची रॅम) म्हणूनच ५६००च्या आसपास थांबते. इंटिग्रेटेड (प्रोसेसरमध्येच असलेलं) ग्राफिक्स हीच रॅम वापरतं, त्यामुळे वेग कमी झाला की ग्राफिक्सही मंदावतं.

एलपीकॅम२ हा त्यावरचा तोडगा. कॅम२ या रॅम-मॉड्यूलच्या प्रकाराचं जेडेक (रॅमची मानकं ठरवणारी संस्था) मानक डिसेंबर २०२३ मध्ये आलं. मॉड्यूल बोर्डावर आडवं बसतं, स्क्रूंनी आवळलं जातं, त्यामुळे वाट छोटी राहते, आणि एकाच मॉड्यूलमध्ये पूर्ण १२८ बिटची रुंदी मिळते. अडचण अशी की ३२ चे ६४ करायचे तर जुनं मॉड्यूल काढून नवं घ्यावं लागतं, शेजारी जोडता येत नाही. ते बाजारात सोडिमइतकं सहज मिळतही नाही. तरीही रॅमची चिप बिघडली तर 'ब'मध्ये मॉड्यूल बदलतं. 'अ'मध्ये बहुधा अख्खा मदरबोर्ड. ५ वर्षांच्या वापरात हा मुद्दा मला सर्वांत जड वाटतो.

तुमच्या कामाला ३२ जीबी पुरतील. 'अ'ची १६ जीबीची आवृत्ती स्वस्त दिसली म्हणून घेऊ नका.

पोर्टकडेही बघा. टाइप-सीचं तोंड जेमतेम अडीच मिमी उंच असतं, म्हणून पातळ बॉडीत तेच उरतं. ते थेट मदरबोर्डावर सोल्डर केलंय की वेगळ्या छोट्या बोर्डावर आहे, हे उत्पादकाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये कळतं. सगळ्यांत आधी चार्जिंगचं पोर्टच ढिलं होतं. त्याच मॅन्युअलमध्ये कीबोर्ड सुटा निघतो की वरच्या पूर्ण कव्हरला रिव्हेट केलेला आहे, हेही पाहून घ्या.

वॉटमीटर

परत करायची मुदत चालू असतानाच दोन चाचण्या उरका. पहिली : सिनेबेंच (प्रोसेसरवर भार टाकणारी चाचणी) सलग ३० मिनिटं, बाजूला एचडब्ल्यूइन्फो (यंत्राचे आकडे दाखवणारा प्रोग्रॅम) उघडून 'सीपीयू पॅकेज पॉवर'वर नजर. आकडा शेवटी जिथे स्थिरावतो तो खरा पीएल१. हीच चाचणी चार्जर काढूनही करा, काही मॉडेल बॅटरीवर आणखी खाली उतरतात. लॅपटॉप टेबलावर ठेवा. गादीवर खालची जाळी बुजते आणि निकाल फसवा येतो.

दुसरी : बॅटरी पूर्ण भरून, झाकण मिटून ८ तास ठेवा. हल्लीच्या यंत्रांतली झोप अर्धवट असते, नेटवर्क अधूनमधून जागं होतं. ४ ते ८ टक्के उतरली तर ठीक. १५ टक्के उतरली आणि हात लावल्यावर बॉडी कोमट लागली, तर आधी बायॉस (मदरबोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) आणि वाय-फायचे ड्रायव्हर अपडेट करून पुन्हा मोजा. तरीही तेवढीच उतरली तर परत द्या.

कोरा_कागद

'ब'लाच २८८०×१८०० आयपीएसचा पर्याय आहे, असं आत्ता दिसलं. बॅटरी थोडी जास्त खाईल, पण रफार सुटा दिसेल. तोच मागवतो आणि दोन्ही चाचण्यांचे आकडे इथे टाकतो.