ग्रामस्वराज्यावरनं जवळच्या मित्राशी वाजलं, आता काय करू?

माळरान:
आमचा सहा-सात जणांचा वाचनकट्टा आहे, रविवारी सकाळी कोणाच्या तरी घरी जमतो. मागच्या वेळी विषय होता गांधीजींचं ग्रामस्वराज्य. मी शेतकऱ्याच्या घरातला, मला ती कल्पना मनापासून पटते, गावाचं गावाने बघावं, वरनं कोणी कशाला सांगावं. तर माझा कॉलेजपासूनचा मित्र म्हणाला, बाबासाहेबांनी घटना समितीत खेड्याला संकुचितपणाचं डबकं म्हटलं ते बरोबरच होतं, आणि त्याच्या आजीचं सांगायला लागला, विहिरीपासून लांब उभं राहायचं, कोणाला दया आली तर वरनं घागरीत पाणी ओतणार. आणि मी काय म्हणालो, 'अरे इमोशनल नको होऊ, थिअरीवर बोल.' त्याने चहाचा कप खाली ठेवला, नंतर तासभर एक शब्द नाही. दोन आठवडे झाले, मेसेज बघतो पण उत्तर देत नाही. माझं मत बदललेलं नाहीये, उगाच सॉरी म्हणून ते गुंडाळून ठेवलं तर खोटं होईल. काय करावं?

कृष्णाकाठ:
दादा, आजीची गोष्ट हीच त्याची थिअरी होती. गावाच्या हातात सत्ता द्यायची म्हणतोस, पण गाव म्हणजे कोण? वेशीच्या आतले की बाहेरचे पण? त्याने हेच विचारलं होतं आणि तू ते ऐकलंच नाहीस. माफी मताबद्दल मागू नकोस, त्या एका वाक्याबद्दल माग.

जुनी_पानं:
तुमचाच वाद घटना समितीत झालाय. ४ नोव्हेंबर १९४८ ला बाबासाहेब खेड्यांबद्दल ते बोलले आणि बऱ्याच सभासदांना ते लागलं, पुढचे काही दिवस त्यांच्यावर टीका चालू होती. मग २२ नोव्हेंबरला के. संतानम यांनी घटनेच्या मसुद्यात ग्रामपंचायतींची तरतूद घालणारी दुरुस्ती मांडली आणि बाबासाहेबांनी ती सरळ स्वीकारली, तेच आजचं कलम ४०. माझ्या मते त्यांचं खेड्याबद्दलचं मत काही बदललं नव्हतं, तरी समोरच्याला जागा दिली. अजून एक, जातिनिर्मूलनावरच्या त्यांच्या १९३६ च्या पुस्तकावर गांधीजींनी त्यांच्या 'हरिजन' साप्ताहिकात टीका केली, तर १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी ती टीका छापली आणि सोबत आपलं उत्तर दिलं. उत्तर चांगलंच कडक आहे, पण वाचकाच्या हातात दोन्ही बाजू आहेत, हे मला फार मोठं वाटतं.

सायली_कोल्हापूर:
मला थोडं वेगळं वाटतं. अनुभव सांगितला की समोरच्याने गप्पच बसायचं असं झालं तर चर्चाच संपते, आणि ते त्या मित्रालाही नको असेल. आपल्याकडे शास्त्रार्थात आधी पूर्वपक्ष मांडायची रीत होती ना, म्हणजे समोरच्याचं म्हणणं आधी आपण नीट मांडायचं आणि मगच खोडायचं. तेच कर. त्याचा मुद्दा तुझ्या शब्दांत सांग, तो 'हो, हेच म्हणायचं होतं मला' म्हणेपर्यंत स्वतःचं काही बोलू नकोस. आणि मेसेज करत बसू नको, घरी जा.

माळरान:
काल संध्याकाळी गेलो होतो. दारातच म्हणालो की ते वाक्य चुकलं माझं. तो म्हणाला, चुकलं त्यापेक्षा सगळ्यांसमोर म्हणालास ते जास्त लागलं. मग मी त्याचा मुद्दा सांगायला घेतला तर दोनदा थांबवलं त्याने. मला वाटत होतं त्याला पंचायतीच नकोयत, तर तसं नाहीच, त्याचं म्हणणं की नुसते अधिकार खाली दिले तर ते आधीच वजनदार असलेल्याच्या हातात जातात, म्हणून १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीत अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात आणि बायकांना किमान एक तृतीयांश जागा ठेवाव्या लागल्या. ह्याला माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं. ग्रामसभेला किती अधिकार असावेत ह्यावर मात्र रात्री साडेदहापर्यंत भांडलो, त्याच्या आईने दोनदा जेवायला हाक मारली. रविवारी येतोय तो, येताना कलम ४० वरची ती चर्चा पूर्ण वाचून ये म्हणालाय.