प्रतिसाद: धारवाडच्या पाण्यापेक्षा रेल्वे आणि नाटक कंपन्या

धारवाड भागातून इतके मोठे हिंदुस्थानी गायक कसे घडले, या प्रश्नावर धारवाडच्या हवा-पाण्यातच गाणं आहे, असं वर बऱ्याच जणांनी लिहिलंय. ऐकायला छान वाटतं, पण मला ते तितकंसं पटत नाही. म्हैसूर दरबाराचं बोलावणं आलं की उत्तरेकडचे गवई याच वाटेने जायचे आणि हुबळी-धारवाडला मुक्काम करायचे. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत स्थिरावले, त्यांची किराणा घराण्याची गायकी रामभाऊ कुंदगोळकरांनी, म्हणजे सवाई गंधर्वांनी, कुंदगोळला नेली. हे रामभाऊ मराठी रंगभूमीवर स्त्री-भूमिका गाजवणारे! धारवाडचे गायक मल्लिकार्जुन मन्सूरसुद्धा लहानपणी नाटक कंपनीतच होते. तिथेच त्यांचं गाणं ऐकून गायक नीलकंठबुवांनी त्यांना शिकवायला मिरजेला नेलं. मन्सूरांची जयपूर घराण्याची गायकी नंतरची, मंजी खाँ आणि भुर्जी खाँ यांच्याकडची.

रेल्वेचं म्हणाल तर गायिका गंगूबाई हनगल हुबळीहून कुंदगोळला गाडीने जाऊन सवाई गंधर्वांकडे तालीम घ्यायच्या. त्यांची आई अंबाबाई कर्नाटक संगीत गाणाऱ्या. मुलीच्या हिंदुस्थानी गळ्यावर परिणाम नको म्हणून त्यांनी स्वतःचं गाणं थांबवलं. हे वाचलं की पाण्याबिण्याच्या गोष्टी फिक्या वाटतात.

आणि गदग कसं कुणाला आठवलं नाही? भीमसेन जोशींचा तो जिल्हा, हे ठीकच, पण तिथल्या वीरेश्वर पुण्याश्रमात अंध आणि गरीब मुलांना गाणं शिकवलं जातं. आश्रमाचे गुरू पंचाक्षरी गवई आणि पुट्टराज गवई, दोघेही स्वतः दृष्टिहीन. गायक बसवराज राजगुरू हे पंचाक्षरी गवयांचेच शिष्य.